मुदीरचं खोकं मोरोक्कोला जातं

आमच्या कंपनीत तीन मॅनेजर होते, पण ‘मुदीर’ म्हणायचे ते फक्त एका माणसाला, आणि तो स्टोअरकीपर होता. मुदीर म्हणजे अरबीत मॅनेजर. ही पदवी त्यांना कुणी दिली, देव जाणे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या त्या दरवाजे-कपाटांच्या फॅक्टरीत मी एचआरला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी एका पठाण सुताराने मला समजावून सांगितलं, "मॅडम, छुट्टी आप देगा, तनखा आप देगा, लेकिन स्क्रू मुदीर देगा." आणि स्क्रू मिळणं हे सुट्टी मिळण्यापेक्षा कठीण होतं.

कारण मुदीरांचा एकच नियम होता: जुना दाखव, नवा घे. हातमोजा फाटला? फाटका दाखव. ड्रिलचं बिट मोडलं? मोडके तुकडे आण, दोन्ही. एकदा खुद्द जनरल मॅनेजर साहेबांनी स्टोअरच्या खिडकीशी येऊन बॉलपेन मागितलं. मुदीरांनी हात पुढे केला, "सर, ओल्ड पेन?" साहेब म्हणाले, हरवलं. "देन सर, फाइंड." आणि शपथेवर सांगते, साहेब केबिनमध्ये जाऊन टेबलाखाली वाकून पेन शोधत होते. मी फाइल घेऊन आत गेले तर मलाही शोधायला लावलं.

पाच फूट दोन इंच उंची, कानामागे पेन्सिल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दिसायच्या आधी ऐकू यायचे. मूळचे संगमेश्वरकडचे, सव्वीस वर्षं गल्फात. आपल्याला अरबी फर्स्टक्लास येतं असा त्यांचा दावा होता. त्यात ऐंशीएक शब्द अरबी आणि बाकी सगळी हिंदी असायची. पण बोलायचे अशा दरडावणीच्या सुरात की समोरचा अरबसुद्धा गप्प बसायचा. या सव्वीस वर्षांत त्यांनी हा देश बघितला नव्हता, हे मात्र खरं. बुर्ज खलिफाला कधी गेला नाहीत का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वर जाऊन काय, खालीच बघायचं ना? मी खालीच हाय." दरवाजांच्या डिलिव्हरीबरोबर एकदा फुजैराला गेले होते, तेवढंच त्यांचं देशाटन. "डोंगर बरे होते, पण झाड एक नाय. पाहुण्याला बोलवून पाणी विचारू नये तसं वाटलं."

पण मुदीर खरे नावाजलेले होते ते खोक्यासाठी. गल्फातला माणूस सुट्टीवर निघाला की पुठ्ठ्याचं खोकं भरतो. बॅग कितीही मोठी असो, खोकं हवंच. बॅग ही त्याची स्वतःची, खोकं गावाचं. आमच्या कॅम्पातल्या, म्हणजे कामगारांच्या राहण्याच्या बिल्डिंगीतल्या, कुणाचंही खोकं मुदीरांशिवाय बांधलं जायचं नाही. रत्नागिरीचा असो, पेशावरचा असो नाहीतर केरळचा, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोलीबाहेर खोक्यांची रांग. त्यांचे नियम मला पाठ झाले होते. खोकं केळ्यांचं घ्यायचं, त्याचा पुठ्ठा दुहेरी. दूधपावडरीचे डबे तळाला, ब्लँकेट भोवती. साबण आणि चहापत्ती शेजारी ठेवशील तर गावभर साबणाचा चहा पाजशील. आणि नाव सहाही बाजूंना मार्करने लिहायचं, "कारण एअरपोर्टच्या पट्ट्यावर खोकं कसं पडेल ते आपल्या हातात नाय." वजनकाटा ते वापरत नसत. दोन बोटांनी उचलून सांगायचे, "साडेतेवीस." कुणी खातरजमा करायला काटा लावलाच तर त्याच्याकडे अशा नजरेने बघायचे की बिचारा काटा लपवायचा.

तर हे मुदीर एक दिवस आपला वार्षिक रजेचा फॉर्म द्यायला माझ्या टेबलाशी आले. मी तेव्हा, खोटं कशाला बोलू, कंपनीच्या कॉम्प्युटरवर आमच्या ईदच्या सुट्टीची टूर बघत होते. मी, नवरा आणि आमची बारा वर्षांची लेक. आम्ही वसईचे, माझा नवरा हॉटेलात फ्रंट डेस्कला, त्याला कुठून तरी मोरोक्कोच्या टूरवर डिस्काउंट मिळालं होतं. स्क्रीनवर एका म्हातारीचा फोटो होता, डोंगरातल्या घराच्या दारात किटली घेऊन उभी. मुदीर फॉर्म हातात धरून तसेच थांबले.

"ही कुठली बाय?"

"मोरोक्को. तिथले हे डोंगरातले लोक, बर्बर म्हणतात त्यांना. अरबांच्या आधीपासूनचे."

"तिथं आपला कुणी हाय?"

"आपला म्हणजे?"

"म्हणजे गावचा, तालुक्याचा. जिल्ह्याचा तरी?"

"मला तरी नाही माहीत."

"एक पण नाय?"

"नाही हो मुदीर."

रजेचा फॉर्म न देताच ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर त्यांचा पासपोर्ट होता, आणि शेजारी ते. "मी पण येतो."

मी हसले. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले, आणि हा माणूस ऑफिसात कधी खुर्चीवर बसलेला मी पाहिला नव्हता.

"मॅडम, येत्या वर्षी साठ पुरी होतात. व्हिसा कॅन्सल, खलास, कायमचा घरी. सव्वीस वर्षं मी रिक्षातून उतरतो आणि लोक आधी माझ्या मागं बघतात. खोकं किती मोठं, ते. मंग माझ्याकडं. रागानं नाय सांगत, मीच सवय लावली. पण शेवटचं खोकं आठ दिवसांत संपेल. मंग नुसता मी. नुसत्या मला कुणी या, बसा म्हणेल का, ते मला माहीतच नाय बगा. म्हणून एकदा ट्रायल घेतो. जिथं कुणी आपला नाय तिथं मोकळ्या हातानं जायचं. काय होतं ते बघायचं."

एचआरमध्ये याला फॉर्म नसतो. नवऱ्याला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, घे बरोबर, रूमचं शेअरिंग मी बघतो. माझ्या लेकीचं म्हणणं वेगळं होतं. "मम्मा, ही विल आस्क मी फॉर माय ओल्ड टूथब्रश."

पुढची अडचण मुदीरांच्या थोरल्या भावाची. गावी मुदीरांची बायकोही त्याच्याच घरात राहायची. घरी काय सांगायचं? मजेसाठी फिरायला जातो, हे वाक्य त्यांच्या घराण्यात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मुदीर पुन्हा माझ्याकडे. "मॅडम, एक लेटर द्या. टू हूमसोएव्हर."

"कुणाच्या नावे?"

"थोरल्या भावाच्या."

"आणि काय लिहू?"

"कंपनीच्या अर्जंट कामासाठी मोरोक्कोला पाठवतोय."

"मुदीर, असं खोटं लेटर देता येत नाही मला."

ते म्हणाले, "मंग लेटर नको. नुसता कोरा कागद आणि स्टॅम्प द्या." मी त्यांना हाकलून दिलं. शेवटी भावाला त्यांनी फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही, पण "ऑफिशिअल हाय, ऑफिशिअल," असं स्टोअरमधून दहा वेळा ऐकू आलं.

कॅम्पात मात्र बातमी फुटली. मोरोक्कोची नव्हे, मोकळ्या हातांची. मुदीर खोक्याशिवाय विमानात बसणार! पठाण सुतार खास विचारायला आला की यांची तब्येत ठीक आहे ना. आणि निघायच्या दिवशी आम्ही एअरपोर्टला पोचलो तर मुदीर आमच्याआधी चेक-इन करून तयार. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला एक छोटी पिशवी, हातात बोर्डिंग पास. दोन्ही हात वर करून दाखवले मला. मला त्यांचं असं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

आठ तासांनी कॅसाब्लांकाच्या पट्ट्यावर आमच्या बॅगांची वाट बघत उभे होतो. बॅगा आल्या. आणि त्यांच्यामागून, पट्ट्याच्या तोंडातून, केळ्यांचं एक खोकं डुलत डुलत बाहेर आलं. सहाही बाजूंना नाव, खाली मुक्काम, पोस्ट, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी.

मी मुदीरांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"थोडंसंच हाय. एकोणीस किलो."

"मुदीर! ट्रायल ना?"

"रात्री झोपच येईना हो. रिकाम्या हातानं विमानातून उतरायचं म्हणजे मला लेंग्याशिवाय उतरल्यागत वाटायला लागलं."

कस्टमच्या साहेबाने नेमकं तेच खोकं अडवलं. काय आहे? मुदीर छाती पुढे काढून म्हणाले, "हदीया." भेटवस्तू. साहेबाने विचारलं, कुणासाठी? आता आली का पंचाईत! मुदीरांनी माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे, नवरा म्हणाला, "फॉर अ फ्रेंड." साहेब वही उघडून म्हणाला, नाव काय फ्रेंडचं? संबंध मोरोक्को देशात आम्हाला एक नाव सांगता येईना. मुदीर शेवटी म्हणाले, "अभी मिलेगा. इन्शाल्ला." साहेबाने खोकं उघडलं, टाल्कम पावडरीचा वास घेतला, बामच्या बाटल्या बघितल्या, साबण बघितले, टॉर्च पेटवून बघितला, आणि हसत हसत सगळं परत आत भरलं. मुदीरांनी त्याला बाजूला सारून ते पुन्हा काढलं आणि नीट भरलं. मागे लाइन लागली होती तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

पुढचे चार दिवस ते खोकं आमच्याबरोबर मोरोक्को बघत होतं. लोक मशिदीच्या दरवाजांचे फोटो काढायचे, मुदीर त्या दरवाजांच्या बिजागऱ्या तपासायचे. "सॉलिड काम. आपल्याकडं हे पास झालं नसतं, लय टिकेल म्हणून." तिथल्या पैशालाही दिरहमच म्हणतात आणि तो आपल्या दिरहमपेक्षा स्वस्त, हे कळल्यावर दिवसभर खुशीत होते. त्यांच्या अरबीचा मात्र निकाल लागला. ते दरडावून काही विचारायचे आणि लोक नम्रपणे फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचे. मुदीर मला म्हणाले, "लोक चांगले हायत, पण अरबी कच्चं हाय त्यांचं."

खोकं द्यायचं कुणाला, हा प्रश्न सुटत नव्हता. हॉटेलच्या पोऱ्यांना द्या म्हटलं तर, "ते पगारी लोक. खोकं घरात द्यायचं असतं, ड्यूटीवर नाय." माराकेशच्या बाजारात एका गालिचेवाल्याने आम्हाला आत बसवून पुदिन्याचा चहा पाजला आणि एकामागून एक पंधरा गालिचे उलगडले. घ्यायचं काहीच नव्हतं. आम्ही तिघं दाराकडे सरकत होतो. मुदीर शांतपणे पिशवीत हात घालून खोक्यातली एक बामची बाटली काढून त्याला देते झाले. चहा पाजलास, हे घे. गालिचेवाला चक्रावला. त्याच्या दुकानात वस्तू आतून बाहेर जायच्या, बाहेरून आत कधी आली नव्हती. बाटलीची किंमत विचारायला लागला. मुदीर म्हणाले, नो मनी. तो घाबरला. आत जाऊन वडिलांना घेऊन आला. वडिलांनी बाटली उघडून वास घेतला, बाम कपाळाला लावून बघितला, आणि मग गुडघा पुढे केला. आम्ही अर्धा तास तिथेच. शेवटी कुणीच काही विकलं नाही, कुणीच काही घेतलं नाही, आणि निघताना ते बापलेक रस्त्यापर्यंत सोडायला आले.

पाचव्या दिवशी डोंगरातलं गाव होतं. टूरच्या कागदावर लिहिलं होतं: बर्बर कुटुंबात चहा. मुदीरांनी सकाळी दाढी केली. आज खोकं द्यायचं. घर सापडलं होतं. पण डोंगराच्या पायथ्याशी मोठी बस सोडून जीपमध्ये बसायचं होतं, आणि त्या गडबडीत खोकं बसच्या पोटात राहिलं. घराच्या खालच्या वळणावर जीप थांबली तेव्हा ते लक्षात आलं. तोवर बस डिझेल भरायला निघून गेली होती.

मुदीरांचा चेहरा मी विसरणार नाही. आतापर्यंत मी हसले होते, पण तेव्हा हसू आलं नाही. गाइड म्हणाला, चला. मुदीर म्हणाले, तुम्ही जा, मी इथं थांबतो. "मॅडम, असं नाय जाता येत लोकांच्या घरात." मी म्हटलं, याचसाठी आलात ना तुम्ही? मग मुदीर कमरेच्या, किल्ल्या नसलेल्या पट्ट्याला हात लावत आमच्यामागून हळूहळू चढू लागले.

दारात म्हातारी उभी होती. हनुवटीवर हिरवं गोंदण, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. आम्ही तिघं आत गेलो, बसलो. मुदीर दाराबाहेरच. सांगायला लागले, "सामान गाडी में. गाडी रोह, चली गई. मैं बाद में." तिला अरबीसुद्धा धड येत नव्हतं, तिची भाषा वेगळीच. तिने ऐकून घेतलं. मग खाली उतरली, मुदीरांच्या मनगटाला धरलं आणि आपल्या घरात आणून भिंतीशी उशी टेकवून बसवलं. अगदी ओढूनच. उशी दोनदा थोपटली. चहा ओतला, भाकरी मोडून पुढे ठेवली, तेल ठेवलं, ऑलिव्ह ठेवले. मुदीर मान खाली घालून बसलेले. भाकरीचा तुकडा हातात तसाच. म्हातारीने गाइडला काहीतरी विचारलं. गाइड म्हणाला, "ती विचारते आहे, हे इतके दमलेले का दिसतात? लांबून आले का?"

मुदीरांनी मान वर केली. "तिला सांग, हो. लय लांबून."

तिने त्यांच्यापुढे दुसरी भाकरी ठेवली. आमच्यापुढे नाही ठेवली, हे मी बघितलं. आणि मुदीर जेवले. भुकेल्या माणसासारखे, मनापासून, बोटं तेलात बुडवून. मला रडू आलं. आणि नेमकी त्याच वेळी माझी कन्या मोठ्याने म्हणाली, "मम्मा, धिस इज इन्क्लुडेड इन द पॅकेज, नो?" मी तिला असा चिमटा काढला की ती "आऊच" म्हणून ओरडली आणि म्हातारीने तिला बदाम दिले.

कारण ते खरंच होतं. माणशी त्या चहाचे पैसे मी महिनाभर आधी ऑनलाइन भरले होते, मुदीरांचेही. पण ते मी सांगितलं नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, गिळलं.

खाली आलो तर बस उभी. ड्रायव्हरने बिचाऱ्याने खोकं हातात घेऊन माफी मागितली. मुदीरांनी दोन बोटांनी खोकं उचलून पाहिलं, जरा विचार केला आणि परत त्याच्याच हातात दिलं. "तू ले जा. घर में देना. यल्ला." ड्रायव्हरला ही शिक्षा आहे की बक्षीस ते कळेना, तो गाइडच्या तोंडाकडे बघत राहिला. राहिलेले दोन दिवस मुदीर सगळीकडे मोकळेच फिरले. फक्त हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजत नव्हतं. खिशात घालून बघितले, पाठीमागे बांधून बघितले. शेवटी माझ्या नवऱ्याचा कॅमेरा धरला, तेव्हा बरं वाटलं त्यांना.

वर्षभराने त्यांचा व्हिसा मीच कॅन्सल केला. शेवटच्या दिवशी स्टोअरच्या किल्ल्या द्यायला आले तेव्हा मी हात पुढे करून म्हटलं, "मुदीर, सही केलेली जुनी यादी दाखवा, मग नवी सही घेते." खूश झाले. आणि एअरपोर्टला गेले ते एक छोटी बॅग घेऊन. खोकं नाही. या वेळी खरंच नाही, नवऱ्याने चेक-इनपर्यंत जाऊन खात्री केली. कॅम्पात हाहाकार. संध्याकाळपर्यंत मला सहा फोन आले: "मॅडम, मुदीर का पैसा नहीं दिया क्या कंपनी ने?" पठाण सुतार तर वर्गणी काढायच्या बेतात होता. मला स्वतःला काळजी लागली होती, आणि ती वेगळी. हा माणूस एका चहाच्या भरवशावर मोकळ्या हातांनी घरी चालला होता, आणि त्या चहाची पावती माझ्या ईमेलमध्ये पडून होती.

तिसऱ्या दिवशी न राहवून फोन केला.

"कसं झालं, मुदीर?"

"काय व्हायचं? भावानं रिक्षात दोनदा वाकून बघितलं. मंग रिक्षावाल्याला विचारलं, मागं दुसरी रिक्षा हाय काय म्हणून. दोन दिस बोलत नाय माझ्याशी. पुतणे चहा पिऊन गेले ते गेलेच."

"आणि आमच्या वहिनी? तुमच्या मिसेस?"

"ती म्हणाली, बरं झालं, माळ्यावर जागाच नाय. सव्वीस खोकी हायत तिथं. एकपण टाकलं नाय तिनं. एकात कोंबडी बसलीय अंड्यांवर, माझं नाव सहा बाजूंना."

ते हसत होते, पण मला काही हसवेना. मी एका दमात सांगून टाकलं. "मुदीर, मला माफ करा. ती मोरोक्कोतली म्हातारी... तिचे पैसे आम्ही भरले होते. टूरमध्येच होतं ते. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

मग म्हणाले, "पॅकेज, इन्क्लुडेड, एवढं इंग्लिश मला येतं, मॅडम. तुमची बाय मोठ्यानं बोलते."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"मंग! पण चहाचे दिलेत ना तुम्ही? मनगटाला धरून बसवलं, त्याचे कुणी दिले? सांगा की."

तेवढ्यात त्यांच्या मागून एका बाईचा आवाज आला, जवळजवळ ओरडल्यासारखा, "अवो, कुणाशी बोलताय कवाधरनं? बसा आधी जेवायला. मी थांबलीय."

"ठेवतो," मुदीर घाईघाईने म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.